व्हिटॅमिन ए आणि सासूबाई

नातीच्या क्रीमच्या डबीवर परवा ‘व्हिटॅमिन ए’ वाचलं आणि मला हसू फुटलं. ती म्हणाली, “आजी, सिलिकॉननं चेहरा गुळगुळीत लागते अन् व्हिटॅमिननं सुरकुत्या जातात. तू हसून काहून राहिली?” नवी सून होते तेव्हा मीही व्हिटॅमिन ए चेहऱ्याला लावलं होतं, पण ते माशाच्या तेलाच्या गोळ्यांतलं. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं आणि सगळ्या जावांत मलाच चमकायचं होतं, एवढी माझी अक्कल. सुईने गोळ्या फोडल्या, तेल थापलं आणि या महाराणी ऐन मे महिन्याच्या दुपारी कूलरसमोर जाऊन बसल्या. कूलरने तो वास घरभर नेला. सासरे माळकरी, घरात मासोळीचं नाव काढायची सोय नव्हती. शेजारची मांजर मांडीवर चढून माझी हनुवटी चाटू लागली, तेवढ्यात सासूबाई आल्या. “मासोळी कुठं खाल्ली वं?” नटवी ठरण्यापेक्षा चोरून खाणारी ठरलेलं बरं, असं वाटून मी म्हटलं, “मैत्रिणीकडे.” आता आपली माहेरी रवानगी, म्हणून मी डोळेच मिटले. सासूबाई मूळच्या भंडाऱ्याकडच्या, तळ्याकाठी वाढलेल्या. त्यांनी दार लोटलं, जवळ बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “मले काहून नाही आणली?” तशी मैत्रीण मला मुळात नव्हतीच, ती मग शहरातल्या जरीपटका वस्तीत, मासोळी शिजणाऱ्या घरी शोधावी लागली. आज तोंडभर सुरकुत्या आहेत, पण सासऱ्यांना आम्हा दोघींच्या मासोळीचा शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, याचा तोरा मी अजून मिरवते.