‘निवांत’च्या दोन बॅटऱ्या

महाडच्या चित्रेबाईंनी जन्मभर शाळेत वीज शिकवली, पण घरातला एक फ्यूज कधी स्वतःच्या हातानं बदलला नाही. फळ्यावर त्या विद्युत परिपथ असा काढायच्या, की शेवटच्या बाकावरचं पोरगंसुद्धा वहीत उतरवून घ्यायचं. घरी मात्र बटण दाबण्याआधी पायात चप्पल आहे ना, हे बघायच्या. लहानपणी पाणी तापवायच्या कॉइलचा त्यांना असा झटका बसला होता, की तेव्हापासून विजेशी त्यांचा संबंध पुस्तकापुरताच उरला होता.

त्यांचे यजमान गंगाधरराव बँकेतून निवृत्त झाले आणि घरात कुणाला न विचारता चक्क मोटरबोट घेऊन आले. अलिबागकडच्या कुणा हौशी माणसानं वापरलेली, केबिनवाली, डिझेल इंजिनाची. आत दोन बाक, छोटा फ्रिज, पंखा, गाणी लावायची सोय. नाव ‘निवांत’. ती त्यांनी दासगावच्या धक्क्याला आणून बांधली. बाजारपेठेत लोक विचारायला लागले, “काय साहेब, पुढच्या पुराची तयारी का?”

बोटीत दोन बॅटऱ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी एक गोल खटका. त्यावर लिहिलेलं होतं: एक, दोन, दोन्ही, बंद. गंगाधररावांनी तो पहिल्याच दिवशी ‘दोन्ही’वर नेला आणि तिथेच ठेवला. दोन बैल जुंपता येत असताना एकानं कशाला नांगरायचं, असा त्यांचा हिशोब.

डिसेंबरातल्या एका रविवारी पहिली मोठी सफर निघाली. पोलादपूरहून गंगाधररावांची बहीण शुभदा आली होती, कोलंबीच्या खिचडीचा डबा घेऊन. शिवथरहून त्यांचा शाळासोबती महिपती आला होता. तो अस्सल डोंगरातला माणूस. बोटीत पाय ठेवल्यापासून त्यानं बाकाची कड जी धरली, ती सोडली नव्हती.

खाडीकाठच्या सव गावासमोर गंगाधररावांनी नांगर टाकला आणि इंजिन बंद केलं. जेवणं झाली, गप्पा झाल्या. फ्रिज चालू, पंखा चालू, दिवसाढवळ्या दिवे चालू, गाणी तर चालूच. दुपार कलायला लागली तशी गंगाधररावांनी ऐटीत किल्ली फिरवली.

“टक्,” इंजिन म्हणालं.

पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. गाणं मात्र बेसूर होऊन थांबलं.

“बॅटरी उतरली,” चित्रेबाई म्हणाल्या.

“काहीतरीच! दिवा जळतोय की अजून.”

“अहो, दिव्याला वाटीभर वीज पुरते, इंजिन फिरवायला हंडा लागतो. किल्ली फिरवा आणि दिव्याकडे बघा.”

गंगाधररावांनी किल्ली फिरवली. दिवा मिणमिणून पार लालसर झाला.

“मग दुसरी बॅटरी आहे ना!”

“तुमचा खटका ‘दोन्ही’वर आहे. दोघींनी मिळून तुमची गाणी ऐकली. दोघीही झोपल्या.”

इतक्यात शुभदा काठाकडे बघून म्हणाली, “दादा, मघाशी तिथे पाणी होतं ना रे?”

ओहोटी लागली होती. काठचा काळा चिखल हळूहळू बोटीकडे सरकत होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर ‘निवांत’ त्या चिखलात खरोखरच निवांत बसली असती, रात्रीच्या भरतीपर्यंत.

महिपतीनं बाकाची कड पहिल्यांदा सोडली, खिशातून फोन काढायला. “थांबा वहिनी. माजी लेक रेश्मा हितंच सवात दिलीय. तिच्या दारात टॅक्टर हाय. त्याची बॅटरी चालंल का?”

“बारा व्होल्टचीच असणार. पळत आणायला सांगा. आणि जोडायच्या जाड वायरी असतील तर त्याही.”

चित्रेबाईंनी सगळी बटणं बंद करवली. थोड्याच वेळात रेश्मा एका होडीतून आली. साडी खोचलेली, मांडीवर ट्रॅक्टरची बॅटरी, गळ्यात वायरींचं वेटोळं. “काकी, नवरा म्हनतो, बॅटरी परत आन, पाव्हनं नाय आनले तरी चालतील!” ती हसत म्हणाली.

गंगाधरराव वायरी घेऊन खाली वाकले आणि काळी लालला लावणार, तेवढ्यात चित्रेबाई ओरडल्या, “अहो, थांबा! द्या इकडे.”

वायरी हातात आल्या आणि त्यांचा हात थबकला. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवत नाही, हे त्यांनी हजारो मुलांना सांगितलं होतं. पण हात त्या वर्गात कधी बसलाच नव्हता.

“वहिनी, मी करू का?” शुभदानं विचारलं.

“नको. मीच शिकवलंय.”

त्यांनी डोळे मिटले, मग ते बरोबर नाही म्हणून उघडले. लाल लालला, दोन्हीकडे. काळी ट्रॅक्टरच्या बॅटरीला. तिचं दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. तिथे बारीकशी ठिणगी उडाली आणि त्यांच्या तोंडून “आई गं!” निघालं. पण बाकी काहीच झालं नाही. हात जागेवर होता.

“फिरवा!”

इंजिन खोकलं, थरथरलं आणि धडधडत सुरू झालं. महिपतीनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच पुन्हा बाक धरला. रेश्मा बॅटरी घेऊन होडीत उतरली. ‘निवांत’ वळताना तळाला चिखल घासल्याचा आवाज आला, पण ती निघाली.

परतीच्या वाटेवर चित्रेबाईंनी सगळ्यांची शाळा घेतली. एक बॅटरी फक्त इंजिन सुरू करायला, दुसरी पंखा-फ्रिजला. इंजिन चालू असताना दोन्ही भरून घ्यायच्या, थांबलं की दोघींना वेगळं करायचं.

“म्हंजे एक बियान्याचं भात आनि एक खायाचं,” महिपती म्हणाला. “बियान्याला हात लावायचा नाय.”

“अगदी तेच!” चित्रेबाई म्हणाल्या. इतकं सोपं त्यांनाही कधी सुचलं नव्हतं.

पुढचे कित्येक रविवार त्या बोटीच्या पोटात होत्या. खाऱ्या हवेनं हिरव्या पडलेल्या वायरी त्यांनी वायरमनकडून बदलून घेतल्या, बॅटरीजवळ फ्यूज बसवायला लावले. तळातलं पाणी उपसणारा पंप आपोआप का चालू होत नाही, हे मात्र स्वतः शोधलं: पाण्याबरोबर वर येऊन पंप चालू करणाऱ्या तरंगत्या खटक्यावर गंगाधररावांचा हरवलेला मोजा अडकला होता.

आता दासगावच्या धक्क्यावर कुणाचं इंजिन रुसलं की बाईंना हाक येते. कधी त्यांना जमतं, कधी नाही. एकदा तर त्यांनी एका होडीची वायर न् वायर तपासली आणि शेवटी कळलं, की टाकीत डिझेलच नव्हतं. त्या स्वतःच सगळ्यांत जास्त हसल्या.

मागच्या महिन्यात गंगाधररावांना सर्दी झाली, म्हणून त्या आणि शुभदा दोघीच ‘निवांत’ घेऊन खाडीच्या मुखाशी बाणकोटपर्यंत गेल्या. समुद्र समोर आल्यावर बाईंनी घरी फोन केला.

“पोचलात का? सगळं ठीक?” गंगाधररावांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“ठीक आहे. तुम्ही वाफ घ्या. आम्ही अजून थोडं पुढे जाऊन येतो.”