कंपासखाली ठेवलेला टॅब्लेट

“सर, रूळ अजून दिसंना.”

रेडिओवर प्रणिताचा आवाज आला तेव्हा मी नुकताच एका विद्यार्थ्याला विमान शिकवून खाली उतरलो होतो. प्रणिता राणीसावरगावची, आमच्या फ्लाइंग स्कूलची विद्यार्थिनी. ती हवेत आहे हेच मला माहीत नव्हतं. मी वर असताना साहेबांनी, म्हणजे स्कूलच्या मालकांनी, तिला एकटीला क्रॉस-कंट्रीवर, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, सोडलं होतं. गंगाखेडवरून सेलू आणि परत.

“नकाशा दिलाय का तिला?” मी साहेबांना विचारलं.

“टॅब्लेट आहे की. त्यात सगळं आहे.”

माझं डोकं तिथेच फिरलं. कागदी नकाशे साहेबांनी कधीच कपाटात कोंबले होते. जुनी पद्धत काही अवघड नाही. नकाशावर पेन्सिलने रेघ मारायची. कंपासवर दिशा धरायची. घड्याळ बघत जायचं आणि ठरल्या वेळी ठरलेली खूण खाली दिसते का ते तपासायचं. यावरून आमची किती भांडणं झाली होती. “परीक्षेपुरतं शिकवा,” हे साहेबांचं ठरलेलं उत्तर.

गंगाखेडला गोदावरी ओलांडली की नदी मागे पडते. मग मानवतच्या पुढे परभणी-सेलूचे रूळ आडवे येतात. ते यायची वेळ केव्हाच टळून गेली होती.

“टॅब्लेटवर कुठे दिसतेस?”

“टॅब्लेट बंद पडला सर. उन्हानं तापला. कंपासवर चाललेय.”

रेडिओवर इंग्रजीतच बोलायचं असा नियम आहे. ती मराठीवर आली, म्हणजे घाबरली होती. म्हणून मीही मराठीतच बोलत होतो.

“घाबरू नको. खाली काय दिसायलंय ते सांग.”

“नदी. डाव्या अंगाला. मघापासून तीच दिसायलीय.”

“आणि समोर?”

“पाणी. लय मोठं पाणी हाय सर. धरण वाटायलंय.”

ते माजलगावचं धरण. पोरगी सेलूकडे जायच्याऐवजी बीड जिल्ह्यात चालली होती. असंच पुढे गेली असती तर पेट्रोल संपून कुठल्या तरी उसात उतरावं लागलं असतं.

पण कंपास इतका चुकतो कसा? हा कंपास म्हणजे डॅशबोर्डच्या वरचं साधं होकायंत्र. त्याला वीज लागत नाही, ऊन बाधत नाही. बिघडण्यासारखं त्यात फारसं काही नसतं.

“टॅब्लेट कुठे ठेवलास?”

“मांडीवर होता. तापला म्हणून वर ठेवला, कंपासखाली. तिथं वारं लागतं.”

साहेबांनी सगळ्या टॅब्लेटना मॅग्नेटवाली कव्हरं घेतली होती. मांडीवर असेपर्यंत काही बिघडलं नाही. वर ठेवल्याबरोबर त्या मॅग्नेटने कंपासची सुई ओढली. शेजारी जायरो नावाचं दिशेचंच दुसरं डायल असतं. ते हळूहळू सरकतं, म्हणून अधूनमधून कंपासशी जुळवून घ्यावं लागतं. प्रणिताने ते शिकवल्याप्रमाणे जुळवलं, तेही चुकलेल्या कंपासशी.

“तो टॅब्लेट मागं टाक. पार मागं, सामानात.”

थोडा वेळ नुसती खरखर.

“सर, कंपास फिरला.”

“फिरू दे. आता जायरो जुळव. ईशान्येला वळ. आधी पाथरी लागंल, मग रूळ. रूळ दिसले की उजवीकडं वळून परभणी गाठ. तिथून गंगाखेडची लाइन फुटते, ती सोडू नको.”

“पाथरी वरून वळखू येत न्हाई सर. मी एसटीनंच गेलेय.”

“नको वळखू. रूळ तर वळखतेस?”

“हाव.”

त्यानंतर मी घड्याळ बघत रेडिओपाशी उभा राहिलो. साहेब मधेच म्हणाले, “अॅप अपडेट करून घ्यायला पाहिजे.” मी रेडिओचा आवाज वाढवला. बोललो असतो तर शिवीच गेली असती.

“रूळ दिसले सर.”

तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकलो.

ती उतरली तेव्हा टाकीत फारसं उरलं नव्हतं. ती खाली आली आणि विमानाच्या चाकाशेजारी जमिनीवरच बसली. साहेब तिथेच म्हणाले, “रिपोर्टमध्ये विद्यार्थिनी रस्ता चुकली असं लिहा. पुढचं सोलो बंद.”

मी त्यांच्या दंडाला धरलं. मालक असले म्हणून काय झालं. विमानात बसवलं आणि ते कव्हर कंपासखाली धरलं. सुई फिरली. बाजूला केलं, सुई जागेवर आली. पुन्हा धरलं.

“रस्ता कोण चुकलं, साहेब? लिहितो मी. त्याचंच नाव लिहितो.”

साहेबांनी घाम पुसला. “कव्हरं काढून टाका,” म्हणाले आणि निघून गेले. प्रणिताला ‘बरी आहेस ना’ एवढंसुद्धा विचारलं नाही. तो राग माझा अजून गेलेला नाही.

नकाशे मी स्वतः कपाटातून काढले. पुढच्या आठवड्यात प्रणिता त्याच वाटेने एकटी सेलूला जाऊन आली.

टॅब्लेटशी माझं वैर नाही. चांगली वस्तू आहे, विद्यार्थी नेतात. पण निघण्याआधी मी तो हातातून काढून घेतो आणि विचारतो, “आता कसा जाशील, सांग.” सांगता आलं नाही, तर विमानाची चावी माझ्या खिशातच राहते. साहेब समोर उभे असले तरी.