डब्यातला मासा कोणता

प्रयोगशाळेत तिला सगळे ताई म्हणायचे, वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. डब्यावर, पाकिटावर ज्या माशाचं नाव छापलंय तोच आत आहे का, हे तपासायचं तिचं काम. एकोणीस वर्षं ती तेच करत होती.

तिचा दादा शिंपी. एकदा डब्यातला मासा खाल्ला आणि त्याचे ओठ बधिर झाले. उलट्या दोन दिवसांत थांबल्या, पण हातांचं भलतंच झालं. गार वस्तू धरली की चटका बसायचा. कात्री धरवेना.

डॉक्टर म्हणाले, "काही माशांत असं विष असतं, शिजवूनही जात नाही. पण डब्यावर लिहिलेल्या माशात ते नसतं. आत कुठला होता, ते शोधा."

वहिनीने उरलेला डबा बर्फात ठेवला होता. दादा तो घेऊन आला. "घरचीच प्रयोगशाळा आहे, मला कसली काळजी!"

साहेबांना विचारून ताईने तपासणी लावली. काहीच उमटलं नाही. डबाबंद करताना जबर उष्णता देतात, त्यात डीएनएचा पार भुगा होतो. दुसऱ्यांदा पुसटशी खूण आली, पण कुठल्या जातीची ते लागेना. तिसऱ्या खेपेला नमुनाच संपला.

मांसाच्या जाड पांढऱ्या पाकळ्या बघून तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हा डब्यावर लिहिलेला मासा नव्हे.

"मग तसं लिही की," दादा म्हणाला.

"नुसतं डोळ्यांनी बघून लिहिता येत नाही रे."

"मग एकोणीस वर्षं तू करतेस काय?"

"अहो, तिच्यावर कशाला चिडता?" वहिनी मध्ये पडली.

अहवालात तिने लिहिलं, 'ओळख पटली नाही.'

साहेब म्हणाले, "ताई, पटली असती तरी उघडा डबा कंपनीने मानला नसता." त्यांनी धीर द्यायलाच म्हटलं, पण तिच्या जखमेवर मीठ चोळलं गेलं.

दादाने तक्रारीला तो अहवाल जोडला. कंपनीचं उत्तर चार ओळींचं आलं: 'आपण जोडलेल्या अहवालातही आमच्या मालात दोष आढळलेला नाही.'

आता कापड वहिनी बेतते. दादा शेजारी बसून सांगतो, "अर्धं बोट आत घे. अगं, आत म्हणजे आत!" सुट्टीच्या दिवशी ताई जाते, काजं करून देते. डब्याचा विषय दादा काढत नाही. त्याने एकदा कडकडून भांडावं असं तिला वाटतं, पण तो चहा घेतेस का एवढंच विचारतो.