नव्या खाद्याच्या तीन टाक्या

मत्स्यपालन केंद्रातल्या लोकांनी त्यांना ‘अन्नदाते’ हे नाव थट्टेने ठेवलं होतं, पण ते वस्तुस्थितीला धरून होतं. सव्वीस वर्षं हा माणूस माशांना खाऊ घालत होता. कोणत्या टाकीतला मासा आज जेवला नाही, हे त्यांना पाण्याकडे नुसतं पाहून कळे. घरात कोणी जेवलं नाही, हे मात्र त्यांना सांगावं लागे, आणि बायको ते न चुकता सांगे.

केंद्रात संशोधक बाई आल्या तेव्हा त्यांनी सहा टाक्या वेगळ्या काढल्या. तीन टाक्यांतल्या माशांना नेहमीचं खाद्य, म्हणजे समुद्रातले छोटे मासे वाळवून दळलेली भुकटी घातलेल्या गोळ्या. उरलेल्या तीन टाक्यांना नवं खाद्य.

“काका, टाकीतला मासा वाढवायला आपण समुद्रातला मासा दळतो,” बाईंनी समजावलं. “हे किती दिवस पुरणार? म्हणून या गोळ्यांत जिवाणूंची भुकटी आहे. बंद हौदात वाढवायचे आणि वाळवायचे. प्रथिनं भरपूर.”

“जिवाणू म्हणजे आजार करतात ते?”

“ते त्यांचे भाऊबंद. हे निरुपद्रवी.”

“भाऊबंदांत असंच असतं,” अन्नदाते म्हणाले आणि बादली उचलली.

काम सोपं होतं. दिवसातून दोनदा तोलून दिलेलं खाद्य टाकायचं, तासाभराने उरलेल्या गोळ्या जाळीने काढून मोजायच्या, वहीत लिहायच्या. पहिल्या दिवशी नव्या खाद्याच्या टाक्यांतले मासे धावत वर आले, गोळी तोंडात घेतली आणि थुंकली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते वर येईनात. तळाशी राहून खालूनच अन्नदात्यांकडे पाहू लागले. मासे पाहत नव्हते, असं कुणीही शास्त्रज्ञ सांगेल; पण शास्त्रज्ञ त्या वेळी चहा प्यायला गेल्या होत्या.

चौथ्या दिवशी अन्नदात्यांनी जुन्या खाद्याचा चुरा शर्टाच्या खिशातून आणला आणि प्रत्येक टाकीत नव्या गोळ्यांवर चिमूटभर भुरभुरला. पोर जेवत नसलं की आपण तोंडी लावायला काहीतरी देतोच, एवढाच विचार. पाणी उसळलं. तिन्ही टाक्यांत एक गोळी उरली नाही. दोन दिवसांनी बंद करू, असं त्यांनी ठरवलं होतं. माणसाने ठरवलेल्या बऱ्याच गोष्टींची मुदत दोन दिवसच असते.

आठ आठवडे ते चाललं.

बायकोला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण शर्ट ती धूत होती.

“अहो, खिशात हे काय घेऊन फिरता? कुठं मांजर पाळलंय की काय?”

त्यांनी सांगितलं. ती शर्ट पिळता पिळता थांबली.

“माझ्या भावाने परीक्षेत एकदा शेजाऱ्याचं पाहून लिहिलं, तर तुम्ही वीस वर्षं त्याला ऐकवताय. आता तुमचे मासे पास होतायत ते?”

त्या दिवसापासून मेव्हण्याशी ते फार आदराने बोलू लागले.

शेवटी मासे तोलले. नव्या खाद्यावरचे मासे जुन्यांच्या जवळपास बरोबरीने वाढले होते. बाईंनी आकडे तीनदा तपासले आणि तिसऱ्यांदा त्यांचे डोळे भरून आले. “सोमवारी अहवाल पाठवते, काका. आपलं बघून आणखी चार केंद्रं हे खाद्य सुरू करणार आहेत. आणि अहवालात तुमचे आभार मानलेत. तुमच्याइतक्या काळजीने कोणी खाऊ घातलं नसतं.”

अन्नदात्यांचे सव्वीस वर्षांत लेखी आभार कुणी मानले नव्हते. त्यांना त्या शनिवारी घास उतरेना. चार केंद्रांतल्या टाक्या त्यांच्या डोळ्यांपुढे येत होत्या. तिथे मासे गोळी थुंकतील, तळाशी जातील, आणि तिथल्या माणसाला वाटेल की चूक आपलीच.

सोमवारी सकाळी ते बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. बाईंनी खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत.

“नव्या टाक्यांत मी जुनं घालत होतो. खात नव्हते हो ते. चिमूटभरच.”

बाईंनी वजनकाटा पुढे ओढला आणि जुन्या खाद्याचा डबा उघडला.

“घाला. तुमची चिमूट.”

सात ग्रॅम भरलं. बाईंनी कागदावर दिवसाच्या दोन वेळा, आठ आठवड्यांचे छप्पन्न दिवस असं मांडलं. एका टाकीत पाऊण किलोच्या वर.

“चिमूटभर,” बाई म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

“मला काढा, मॅडम.”

“काढून काय करू? अहवाल जाणार नाही. पुन्हा पहिल्यापासून, नवे मासे घेऊन. आणि खाद्य तुम्हीच घालायचं. गोळी थुंकतात हे तुम्हाला दिसत होतं, माझ्या वहीत ते पहिले तीनच दिवस आलं. आता रोजचं वहीत यायला हवं.”

त्यांनी घरी जाऊन बायकोला शर्टांचे खिसे शिवून टाकायला सांगितलं. “आणि चष्मा कुठं ठेवणार?” तिने विचारलं, पण शिवून दिले.

दुसऱ्या वेळी मासे अकरा दिवस नीट जेवले नाहीत. अन्नदाते रोज दोनदा टाक्यांशी उभे राहून थुंकलेल्या गोळ्या जाळीत गोळा करत आणि आकडा वहीत लिहीत. एकशे चाळीस. एकशे बत्तीस. सातव्या दिवशी दोन मासे मेले. तेही त्यांनी लिहिलं. बाराव्या दिवसापासून मासे हळूहळू खाऊ लागले आणि शेवटी जुन्या खाद्यावरच्यांपेक्षा बरेच कमी भरले. त्यावरून बाईंनी लिहिलं की खाद्य चालण्यासारखं आहे, पण आधी चवीचं बघायला हवं आणि सुरुवातीला त्यात थोडं जुनं खाद्य मिसळून द्यायला हवं.

“म्हणजे मी करत होतो तेच?” अन्नदात्यांनी विचारलं.

“तेच. फक्त सांगून.”

त्यांनी मान हलवली. बाईंशी हिशेब मिटला, असं त्यांना वाटायला हरकत नव्हती. पण नव्या टाक्यांशी गेले की ते अजूनही पाण्याकडे सरळ पाहत नाहीत. अकरा दिवस खिसे शिवलेले होते, हे माशांना कोण सांगणार?