पाचवं नाव

गोंडपिपरी तालुक्यातल्या एका कॉलेजाने रौप्यमहोत्सवानिमित्त बास्केटबॉलच्या सर्वश्रेष्ठ पाच खेळाडूंची नावं भिंतीवर रंगवायचं ठरवलं. संघाने आजवर जिंकलेले सामने बोटांवर मोजता येतात, त्यामुळे चार नावं चहा येईपर्यंत ठरली. पाचव्यावर अडलं.

कॉलेजचा माजी खेळाडू देवानंद आता तलावात मासे धरतो, थोडं धान पिकवतो. गावात त्याला उलट्या म्हणतात. त्याच्या काळी कॉलेजात रिंग एकच होती. दुसरीचा खांब वादळात पडला आणि कुणाच्या तरी गोठ्याच्या कामी आला. त्यामुळे पोरं एकाच दिशेने खेळायला शिकली. विद्यापीठाच्या स्पर्धेत मध्यंतरापर्यंत देवानंदने समोरच्यांना घाम फोडला. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या, देवानंदने नाही. अगदी शेवटी त्याने आपल्याच रिंगमध्ये सुरेख चेंडू टाकला आणि सामना तेवढ्याने गेला. विरोधी संघाने त्याला खांद्यावर घेतलं.

आता त्याची मुलगी दिव्यानी त्याच कॉलेजात खेळते. तिला ‘उलट्याची पोरगी’ म्हणतात. हे पुसायचं तर भिंतीवर नाव हवं. देवानंद ताजी मरळ घेऊन निवृत्त क्रीडाशिक्षक गुणवंतरावांकडे गेला. निवड त्यांच्या हाती होती.

“सर, माह्यं नाव काऊन नाई?”

“मासा ठेव. नाव भिंतीवर लागत नाई.”

“माह्याएवढे बास्केट कोणं मारले?”

“कोणंच नाई. तू तं दोन्हीकडे मारले.”

“तवा दुसरी रिंग असती तं...”

“आता हाये. महोत्सवाच्या मॅचमध्ये खेळ. मध्यंतरानंतर बरोबर रिंगमध्ये टाक, मंग लिहितो.”

आजी-माजी विद्यार्थ्यांची मॅच झाली. देवानंदचं पोट पुढे, गुडघे मागे. मध्यंतरानंतर त्याच्या हाती चेंडू आला तसं सगळं मैदान ओरडलं, “तिकडे रे, तिकडे!” काही जण मुद्दाम उलट्या बाजूला बोट दाखवत होते. समोर दिव्यानी हात पसरून उभी.

“बाबा, दिशा बरोबर हाये. पण मी सोडत नाई.”

तिच्या डोक्यावरून त्याने चेंडू फेकला. रिंगवर दोनदा नाचून तो आत पडला.

गुणवंतरावांनी शब्द पाळला. झिंगू पेंटरला म्हणाले, “याचं नाव लिही,” आणि जेवायला गेले. संध्याकाळी देवानंद मुलीला घेऊन भिंतीपाशी आला. पाचव्या ओळीत ठळक अक्षरं होती: उलट्या.

“अबे झिंगू, हे काय लिहिलं?”

“देवानंद लिहितो तं कोण ओळखते, भाऊ?”

दिव्यानी हसून हसून खाली बसली. देवानंद ओल्या रंगाकडे पाहत राहिला. मासा चुकीच्या घरी गेला होता.