शेख सरांचा ग्रुप आणि माझं एक वाक्य

शाळेतले किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. खडूच्या धुळीसारखे ते रोज थोडे थोडे अंगावर बसतात आणि घरी गेल्यावर पदर झटकला की खाली पडतात. त्यात वर्गात मोबाईल आला, आणि पसाभर होते ते पोतंभर झाले!

आमची शाळा आष्टीपासून थोडी आत, चौथीपर्यंतची. शिकवणारी माणसं तीन. हेडसर, मी आणि शेख सर. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी शेख सरांकडे. दोन वर्गांच्या मध्ये एक भिंत, तीही वर पत्र्यापर्यंत न पोचलेली. या भिंतीचं काम पुढं येणार आहे.

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. मी शेख सरांवर जळते. माणूस वाईट असता तर सोपं होतं. पण हा माणूस चहा सांगायला स्वतः उठतो, ईदला सगळ्यांसाठी शीरखुर्मा आणतो आणि "मॅडम, तुम्ही दोन वाट्या घ्या, तुम्ही सीनियर" म्हणतो. अशा माणसावर जळायला फार मेहनत पडते!

*

शेख सर बदलून आले आणि लगेच त्यांनी पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. नाव ठेवलं 'चमकते तारे'. पोरं घरून कविता म्हणून पाठवायची, बाप गोठ्यातून अंगठे पाठवायचे. आया तर काय, बदाम-बदाम!

मला राहवलं नाही. मीही ग्रुप काढला. 'पहिली दुसरी पालक.' नावात चमकायला काही नव्हतं, पण मी म्हटलं, कामात दिसेल.

पहिला मेसेज नीट विचार करून टाकला. "उद्या मुलांची नखे कापलेली असावीत. तपासणी होईल." सगळ्यांनी वाचला. निळ्या खुणा दिसत होत्या. उत्तर एकाचंही नाही.

संध्याकाळी एका बापाचा मेसेज आला. "मोटर बंद पडली. कुणाकडं जुनं स्टार्टर हाय का?"

अहो, ग्रुप पेटला की! हा म्हणतो माझ्याकडं हाय, तो म्हणतो त्याचं घेऊ नको, जळेल. एकानं फोटो टाकला. एकानं मिस्त्रीचा नंबर टाकला. हेडसर रोज सकाळी फक्त गुलाबाची फुलं टाकतात, त्यांनीसुद्धा "जल्दी करा, लाईट सहाला जाते" असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी पोरं आली. सगळ्यांची नखं होती तशीच. पण त्या बापाचं पाणी मात्र चालू झालं होतं!

*

एका रात्री आमचे हे जेवत होते आणि ताटाशेजारी मोबाईल टेकवून काहीतरी बघत होते. आवाज ओळखीचा वाटला. "नमस्कार बालमित्रांनो!"

शेख सर! माझ्या स्वयंपाकघरात!

व्हिडिओ अपूर्णांकांचा होता. शेख सरांनी एक भाकरी घेतली होती, तिचे दोन तुकडे केले, मग चार केले, आणि पाव, अर्धा, पाऊण असं समजावत होते. आमच्या ह्यांचं खताचं दुकान आहे. दहावीत गणितानं त्यांना दोनदा घरी बसवलंय. ते घास हातात धरून बघत राहिले होते.

व्हिडिओ संपला. हे माझ्याकडं वळून म्हणाले, "आत्ता समजलं मला. इतकी वर्षं मास्तरणीसंग संसार करून राह्यलो, तू कधी सांगितलं न्हाईस!"

"तुम्ही कधी विचारलं न्हाई."

"मंग त्यानं तरी कुठं विचारलं? त्यानं सांगितलं!"

पुढची भाकरी जरा जोरातच थापली. तर ह्यांनी ताट पुढं केलं आणि म्हणाले, "पाऊण दे."

*

मग मीही व्हिडिओ करायचा ठरवला. जळणं वेगळं आणि हार मानणं वेगळं.

मुलगी सुट्टीला घरी आली होती, तिला म्हटलं, धर मोबाईल. लग्नकार्यात नेसायची मोरपंखी साडी काढली. शाळेच्या ओट्यावर उभी राहिले आणि काना, मात्रा, वेलांटी जीव ओतून शिकवली. मधे एक शेळी येऊन गेली, ती मुलीनं कापली. म्हणजे व्हिडिओतून.

रात्री यूट्यूबवर टाकला आणि नातेवाइकांना लिंक पाठवली. सकाळी उठले तर कॉमेंटच कॉमेंट! माझा ऊर भरून आला. चष्मा लावला.

नणंदेची: "वहिनी, साडी कुठून घेतली?"

मावसबहिणीची: "काठ भारी हायेत. अंबडची का परतूरची?"

एका चुलत जावेची तर थेट किंमतच विचारणारी!

हेडसरांची: "शुभ सकाळ." खाली गुलाब.

काना-मात्रेबद्दल पूर्ण जगात एकानंच लिहिलं होतं. "मॅडम, वेलांटी शिकवायची पद्धत फार आवडली. मी माझ्या वर्गाला दाखवू का?" शेख सर.

ती कॉमेंट मला सगळ्यांत जास्त झोंबली.

*

आता भिंतीचं काम.

वर्गात कुणाचं लक्ष उडालं की माझ्या तोंडून एक वाक्य आपोआप निघतं. नोकरीला लागल्यापासून निघतंय. डस्टर टेबलावर दोनदा आपटायचं, टक टक, आणि म्हणायचं, "डोकं घरी ठेवून आलास का? जा, घेऊन ये. मी थांबते." मग कमरेवर हात ठेवून खरोखर थांबायचं. पोरगं खाली मान घालतं आणि पाटीला लागतं.

एकदा पहिलीतलं एक पोरगं, समाधान नाव त्याचं, उठलं आणि सरळ दाराबाहेर गेलं. मला वाटलं, लघवीला गेलं असेल. थोड्या वेळानं आईला घेऊन हजर! तिचे हात पिठानं भरलेले. मला म्हणते, "बाई, हा म्हणतो बाईनं घरून कायतरी आणायला सांगितलं. आख्खं घर हुडकलं. काय इसरलं व्हतं ह्यानं?"

काय सांगणार? "काही न्हाई, पेन्सिल," म्हटलं.

तर हे वाक्य त्या अर्ध्या भिंतीवरून पलीकडं जायचं. शेख सर रेकॉर्डिंग करत असायचे. तिकडं ते गोड आवाजात म्हणायचे, "बालमित्रांनो, पृथ्वी स्वतःभोवती फिरते..." आणि वरून माझा आवाज, "डोकं घरी ठेवून आलास का?"

एक दिवस ते दारात आले. "मॅडम, जरा हळू बोलता का? रेकॉर्डिंग करून राह्यलो."

मी म्हटलं, "सर, मी इकडं शिकवून राह्यले. शूटिंग न्हाई करून राह्यले."

"बराबर हाय मॅडम, बिलकुल बराबर," म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या लिंबाखाली रेकॉर्डिंग करायला लागले. भांडले असते तर मला किती बरं वाटलं असतं!

*

'चमकते तारे'ची कीर्ती वर गेली आणि एक साहेब खास बघायला आले. पोरं घरून अभ्यास कसा पाठवतात ते त्यांना प्रत्यक्ष दाखवायचं होतं. आणि नेमकी तेव्हाच रेंज गेली!

शेख सर मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेले, मग टाकीवर चढले. खाली साहेब, साहेबांमागे हेडसर, सगळे वर बघताहेत. तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "साहेब, तोवर आमची पहिली बघता का? तिला रेंज लागत न्हाई."

साहेब आले. मी एका मुलीला वाचायला उभं केलं. काय वाचत होती! एक अक्षर अडत नव्हतं. मी मनात म्हटलं, आज माझा दिवस.

पण साहेबांचं लक्ष स्वतःच्या मोबाईलकडं. तो एकदा खिडकीकडं धरायचे, एकदा दाराकडं. मुलगी वाचता वाचता थांबली. तिनं पाटी बाकावर दोनदा आपटली. आणि साहेब म्हणजे मोठं माणूस, एवढं भान ठेवून अदबीनं म्हणाली, "साहेब, डोकं घरी ठेवून आलात का? जा, घेऊन या. मी थांबते!"

हेडसरांचा चेहरा लिंबासारखा झाला. साहेब हसले, पण हेडसर हसले नाहीत. गाडी गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, आजपासून ते वाक्य बंद. बिलकुल बंद."

शेख सर टाकीवरून उतरले होते. म्हणाले, "सर, राहू द्या ना."

त्यांनी माझी बाजू घेतलेली मला मुळीच चालली नाही. मी वाक्य बंद केलं.

*

आता कोमलचं सांगते, म्हणजे मग संपलं.

कोमल माझी. माझी म्हणजे, पहिलीला माझ्याकडं आली तेव्हा तोंडातून शब्द काढत नव्हती. मी तिला जवळ बसवून बसवून वाचायला लावलं. पहिला शब्द तिनं वाचला तो 'मीठ', तोही पोषण आहाराच्या पुडीवरचा, आणि त्या दिवशी मी शाळेला गूळ-शेंगदाणे वाटले होते. पुढं तिसरीला ती भिंतीपलीकडं गेली. जाणारच. नियम आहे.

चौथीच्या दिवाळीनंतर तिचे आई-बाप ऊसतोडीला निघाले, पार कोल्हापूरकडं. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून कोमलही निघाली. ती गेली की शाळा सुटणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी बापाला खूप समजावलं. तो म्हणाला, "बाई, समजून राह्यलंय मला. पर ठिवू कुठं?"

शेख सरांनी तिच्या बापाच्या मोबाईलवर व्हिडिओ भरून दिले आणि कोमलला सांगितलं, "रोज एक व्हॉइस मेसेज पाठवायचा. काय शिकली ते." मी माझा नंबर दिला. म्हटलं, "आठवण आली तर फोन कर गं."

फोन आला नाही. पण 'चमकते तारे'वर रोज संध्याकाळी कोमल यायची. "नमस्कार सर, मी कोमल." मागून ट्रॅक्टर, बैलांच्या घंटा, कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. मग ती पाढे म्हणायची, धडा वाचायची. शेख सर ऑफिसात मोठ्या आवाजात लावायचे. हेडसर डोळे पुसायचे.

मी म्हणायचे, "'ळ' अजून नीट म्हणत न्हाई ती."

त्या ग्रुपवर हेडसरांनी मलाही घेतलं होतं. मी रोज ऐकायचे आणि रोज वाट बघायचे, आज तरी म्हणेल, 'बाईंना नमस्कार सांगा.' कधीच नाही! नमस्कार सर, धन्यवाद सर. सर, सर, सर! शेवटी मी तो ग्रुप म्यूट करून टाकला. एवढं वाचायला शिकवलं, ते काय शेख सरांचे व्हिडिओ ऐकायला? असंही मनात आलं. आलं, ते आलं.

संक्रांत होऊन गेली होती. एका सकाळी शेख सर ऑफिसात आले आणि चहा न सांगताच खुर्चीत बसले. चेहरा उतरलेला. हा माणूस उतरलेल्या चेहऱ्यानं मी पहिल्यांदाच बघत होते.

"काय झालं सर?"

"कोमलचा मेसेज आल्ता काल रात्री. चुकून गेलाय तिच्याकडून. बटन दाबलं गेलं, आन् तिला पत्ताच न्हाई." त्यांनी मोबाईल टेबलावर ठेवला. "मॅडम, इतके व्हिडिओ पाठवले मी तिला. रोज बघते म्हणते. आता तुम्हीच ऐका, ह्याच्यात माझा एक शब्द तरी हाय का."

ते खरोखर जळत होते. मला ते लगेच ओळखू आलं.

त्यांनी मेसेज लावला. आधी नुसती खरखर. मग लहान पोरांचा गलका. आणि मग कोमल.

"क ला काना, का. म्हणा. ख ला काना, खा. ए, गप! पाटी पुढं घे."

पोरं एका सुरात म्हणत होती. तिनं वेलांटी घेतली. मग दुसरी वेलांटी. एकेकाला उठवून विचारत होती. एक जण अडला. तिनं पुन्हा विचारलं. तो पुन्हा अडला.

टक टक. कशावर तरी कांडी वाजली, उसाचीच असणार.

"डोकं घरी ठिवून आलास का? जा, घेऊन ये. मी थांबते."

मग एक बारीकसा आवाज आला.

"बाई, घर लई लांब हाय."

कांडी पुन्हा वाजली नाही. आणि मग कोमल म्हणाली, "असू दे. मी थांबते."