बॉल टाकायची नोकरी

माझी उंची हे आमच्या किकवीतल्या घरात एक दुखणंच होतं. मी वडिलांच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागले, तेव्हा आईनं मला उभ्यानं काही खायला बंदी केली. उभ्यानं खाल्लं की पाय लांबतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पाहुणे आले की ती घाईघाईनं म्हणायची, "बसून घे गं आधी." बसल्यावर मी चारचौघींसारखी दिसते यावर तिचा फार भरवसा होता.

भोरच्या शाळेत मात्र खेळाचे सर मला बघून खूश झाले. त्यांनी स्वतः बास्केटबॉल कधी खेळलेला नव्हता. शाळेला कुठल्याशा योजनेतून दोन रिंगा मिळाल्या होत्या आणि तपासणीला साहेब येतील तेव्हा त्यांच्याखाली मुली पळताना दिसायला हव्या होत्या. सरांनी मला रिंगेखाली उभं केलं. "तू नुसता हात वर कर. बाकीचं बघू."

बाकीचं त्यांनी कधी बघितलं नाही. पहिल्याच सामन्यात मी बॉल उराशी धरून, शेतातून करडू पळवावं तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत गेले. पंचांनी शिट्टी फुंकली ती मला शाबासकी वाटली. नियम आम्ही पुण्याच्या मुलींकडून हरता हरता शिकलो. पण एकदा बॉल कशालाही न लागता जाळीतून खाली आला, त्याचा तो हलका आवाज मी ऐकला, आणि मग मला दुसरं काही सुचेना.

अकरावी होईतो मी राज्याच्या संघात होते. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीनं मला कारकून म्हणून घेतलं. कचेऱ्यांच्या स्पर्धेत त्यांचा महिला संघ दरवर्षी हरायचा आणि त्यामुळे मोठ्या साहेबांना बाकीच्या साहेबांत मान वर करता येत नव्हती. मी हे घरी सांगितलं.

"काम काय करायचं?" वडिलांनी विचारलं.

"बॉल टाकायचा."

"आन मंग?"

"मग परत टाकायचा."

"ह्या सरकारचं काय खरं न्हाई," वडील म्हणाले, आणि मला पुण्याच्या एस.टी.साठी कापूरहोळपर्यंत सोडायला आले.

कचेरीत सकाळ-संध्याकाळ सराव असायचा. दुपारी मी कपाटांवरच्या फायली काढून द्यायचे. तिथली शिडी मोडलेली होती. मी रुजू झाल्यावर ती दुरुस्त करायची कुणाला गरज वाटली नाही. पहिल्याच वर्षी आम्ही जिंकलो. फोटोत ढाल साहेबांच्या हातात होती. मी मागच्या रांगेत होते, आणि साहेब बुटके दिसताहेत म्हणून फोटोग्राफरनं मला गुडघ्यात वाकायला लावलं.

पुढं खेळतानाचा एक फोटो पेपरात आला, हाफ पँटीतला. गावातली वडीलधारी मंडळी वडिलांना समजावायला आली. "पोरीच्या जातीला ह्ये शोभत न्हाई." तो फोटो किती वाईट आहे हे नीट कळावं म्हणून पेपर आठवडाभर पारावर हातोहात फिरला होता. घडीवर फाटला, तेव्हा कुणीतरी कागद चिकटवून तो जोडलाही. पुढच्या वर्षी मी राज्याच्या संघाची कप्तान झाले, तेव्हा याच मंडळींनी माझा सत्कार केला. सरपंच म्हणाले, "आपल्या लेकीनं फुटबॉलमदी गावाचं नाव काडलं." मी साडी नेसून आले होते, त्याचंच त्यांनी जास्त कौतुक केलं.

मग एका सामन्यात उडी मारून खाली येताना माझा गुडघा फिरला. साहेब मोसंबी घेऊन दवाखान्यात आले आणि डॉक्टरांना म्हणाले, "स्पर्धेपर्यंत उभी राहील ना?"

"चालायला लागेल. पण खेळणार नाही."

साहेबांनी मोसंबी ठेवली आणि ते निघाले. मी कामावर परत गेले, तेव्हा मला टायपिंग येत नाही हे इतक्या वर्षांनी एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं. महिन्याभरात माझी दूर डोंगरात, वेल्ह्याला बदली झाली. एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून रडले, कारण शेजारची बाई चौकशी करणारी दिसत होती.

वेल्ह्यात शाळेच्या पटांगणात मी लोहाराकडून एक रिंग करून बसवून घेतली. मुली जमल्या. थोड्याच दिवसांत एकेक करून गळाल्या. कारण विचारलं तर एकीची आई माझ्याकडे खालून वर बघत म्हणाली, "बाई, राग मानू नका. पर ह्या खेळानं उंची वाढती म्हनं. मंग नवरा कुठनं आनायचा?" पुरावा म्हणून मी समोर उभीच होते. लग्न न झालेली, आणि आता लंगडत चालणारी.

एकच बाई उलट्या कारणानं आली. मुलीला पुढं ढकलून म्हणाली, "हिची वाढ खुटलीया. हिला लई खेळवा."

मी खेळवलं. दिवाळी झाली की ती बाई पोरीला दाराच्या चौकटीला उभं करून बघायची आणि माझ्याकडे यायची. "काय बी फरक न्हाई, बाई."

"इतक्यात कुठं," मी म्हणायचे. "खेळू द्या अजून."

पोरगी बोटभरही वाढली नाही. पण उंच मुलींच्या कोपराखालून ती बॉल घेऊन अशी निसटायची की त्या मागं वळून बघेपर्यंत बॉल जाळीत असायचा. तिला बघून आणखी सहा-सात आया आल्या. सगळ्यांच्या मुली बुटक्या. तोच आमचा संघ झाला. पुण्यात सामन्याला गेलो की समोरच्या मुली आम्हाला बघून तोंडावर हात धरून हसायच्या. साधारण मध्यंतरापर्यंत.